नोंदणीकृत नंबर

एकोणीस वर्षं मी लोकांच्या भिंतीवरचे आकडे वाचले. भोंगवलीच्या सपाटीपासून वेल्ह्याच्या डोंगरापर्यंत, उन्हात, चिखलात, दारादारातली कुत्री अंगावर घेत. आणि एका दुपारी एजन्सीच्या सुपरवायझरने, ज्याला अजून नीट मिशीही फुटली नव्हती, मला नसरापूरच्या चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या सांगितलं, "धनाजीराव, एक तारखेपासून येऊ नका. नवे स्मार्ट मीटर बसले की रीडिंग आपोआप जाणार."

मी म्हणालो, "आणि घरातली म्हातारी पडली असली तर तेही आपोआप कळणार का?"

तो हसला. मी विनोद केला नव्हता.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं माझी बायको मंगल लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून सांगत आलीय. पण त्या दिवसाचा राग वेगळा होता. गरज सरो, वैद्य मरो, हे ऐकून माहीत होतं, पण तो वैद्य आपण असलो की कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. घरी आलो, बॅग कोपऱ्यात फेकली, ताटावर बसलो नाही. तेवढ्यात मोबाईल टुंग टुंग वाजायला लागला. वीज कंपनीचेच मेसेज. 'प्रिय ग्राहक, आपले बिल तयार आहे.' 'प्रिय ग्राहक, आपल्या सेवेसाठी आम्ही तत्पर आहोत.' म्हटलं, प्रिय म्हणे! एकोणीस वर्षं राबवून घेतलं तेव्हा कुणी प्रिय म्हटलं नाही. कंपनीच्या नावानं जे जे येत होतं, ते मी एका झटक्यात ब्लॉक करून टाकलं.

मंगल दारातनं बघत होती. "त्या मोबाईलनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"तू गप बस," मी म्हणालो. वड्याचं तेल वांग्यावर. तिने बिचारीने ताट झाकून ठेवलं.

आता बाळाबाईचं सांगतो, कारण ही गोष्ट तिची आहे.

माझ्या फेरीतलं शेवटचं घर बाळाबाईचं. वाडी भोर आणि वेल्ह्याच्या शिवेवर, आणि तिचं घर वाडीच्याही टोकाला, वळणाआड. नवरा सावळाराम जाऊन आठ वर्षं झाली, पण मीटर अजून त्याच्याच नावावर. नाव बदलायचे कागद मी दोनदा आणून दिले होते. ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे. त्यांच्या नावानं महिन्याला एक कागुद तरी येतो." ते बिल ती सावळारामच्या फोटोखाली ठेवायची. मी मीटर बघायचो, आकडा तोंडानं सांगायचो, ती पदराच्या गाठीतनं पैसे काढून द्यायची, मी भोरला भरायचो आणि पुढच्या फेरीला पावती आणून द्यायचो. मग चहा. साखर कमी असली तर ती स्वतःच सांगून टाकायची, "आज फिक्का हाय, शिव्या देऊ नगंस." असं एकोणीस वर्षं चाललं.

तिच्याच नाही, वाड्यावस्त्यांवरच्या बऱ्याच घरांचं असंच होतं. सहा वर्षांपूर्वी वरून हुकूम आला होता की प्रत्येक ग्राहकाचा मोबाईल नंबर नोंदवा. आमच्या रीडिंग घ्यायच्या मशीनमध्ये दहा आकडे टाकल्याशिवाय पुढचं पानच उघडायचं नाही. वाड्यांवर निम्म्या म्हाताऱ्यांकडे फोन नव्हता, ज्यांच्याकडे होता त्यांना नंबर पाठ नव्हता, आणि नंबर पाठ असलेला पोरगा पुण्याला. आम्ही मीटरवाले काय करणार? ज्याचा नंबर नाही त्याला आपला नंबर टाकायचा आणि पुढच्या घराकडे निघायचं. सगळेच तसं करायचे. महिन्याला दारात जातोच आहोत, तोंडानं सांगू. मी सांगतही होतो. त्या साली माझी नोंदणी शंभर टक्के झाली म्हणून मला शाल आणि नारळ मिळाला होता. नारळाची आम्ही घरी चटणी केली. शाल अजून आहे.

तर, माझं काम गेल्याला चार महिने झाले होते. मी नसरापूरला एका हार्डवेअरच्या दुकानात पाईप मोजत होतो आणि गिऱ्हाइकांवर खेकसत होतो. ऑगस्टच्या सहा तारखेला सकाळी कोंडिबाचा फोन आला. कोंडिबा म्हणजे बाळाबाईचा शेजारी, शेजारी म्हणजे वळणाच्या अलीकडचा.

"धनाजी, म्हातारीची लाईट तोडली रं. मशीनमधली अंडी मेली. सकाळधरनं पायरीवं बसलीया, उठंना."

मी पाईप तिथंच टाकला आणि मोटारसायकलला किक मारली.

अंड्यांचं असं होतं. वाडीतल्या बायकांच्या बचत गटाला अंडी उबवायचं मशीन मिळालं होतं. गावरान कोंबडीला गडावर येणाऱ्या पाहुण्यांची मागणी असते, आणि अंड्यांवर बसणाऱ्या खुडूक कोंबडीवर विसंबलं तर एका वेळी दहा-बारा पिल्लं. मशीनमध्ये अठ्ठेचाळीस. ते मशीन कुणाच्या घरी ठेवायचं यावरून बरंच वाजलं. तरण्या बायका म्हणाल्या, म्हातारीला जमायचं नाही, तिला तापमानाच्या काट्याची खूण तरी कळते का. बाळाबाई म्हणाली, "पन्नास वर्सं कोंबड्या संबाळल्यात. एक खेप माझ्याकडं द्या. न्हाई निघाली पिल्लं तर मशीन घिऊन जा, म्या त्वांड उघडायची न्हाई." म्हणून पहिली खेप तिच्याकडे आली होती. जुलैच्या सतरा तारखेला तिने अंडी ठेवली. एकवीस दिवस. भिंतीवर गेरूनं रोज एक रेघ.

मी पोचलो तेव्हा भिंतीवर एकोणीस रेघा होत्या. विसावी तिने ओढलीच नव्हती.

"परवा सकाळी येकेक अंडं कानाला लावलं," बाळाबाई म्हणाली. माझ्याकडे न बघता, मशीनकडे बघत. "आत खुडबुडत व्हती, धनाजी. च्वाच टोकरत व्हती. काल दुपारी म्या खाचरात गेले व्हते. दिवस बुडताना आले तर लाईट न्हाई. म्हनलं, पावसाळ्यात जातीच की. सगळ्या वाडीचीच गेली असंल. गोधडी घातली मशीनवं आन् वाट बघितली. सकाळी कोंडिबाकडं इस्तू आनाया गेले तर त्याचा टीव्ही चालू."

कोंडिबा मान खाली घालून उभा होता. त्याने आपल्या घरातून वायर ओढून मशीन चालू करून दिलं होतं, पण तोवर सगळी रात्र गेली होती, आणि डोंगरातल्या ऑगस्टची रात्र. बाळाबाईने एक अंडं फोडून दाखवलं. आत पूर्ण पिल्लू होतं. पंख ओले, चोच कवचाला टेकलेली.

मी बाहेर येऊन मीटरपुढे उभा राहिलो. पांढरा, गुळगुळीत, काचेत हिरवे आकडे. एक माणूस आला नव्हता, एक वायर कापली नव्हती, खांबावर कुणी चढलं नव्हतं. भोरला नाहीतर पुण्याला, कुठंतरी खुर्चीत बसून कुणीतरी बटण दाबलं होतं. पूर्वी लाईट तोडायला लाईनमन यायचा. त्याला म्हातारी दिसायची, मशीन दिसलं असतं, तो म्हणाला असता, आजी, दोन दिवसांत भरा, मी परत येतो. ह्या डब्याला काय दिसणार?

"मावशी, बिल भरलं न्हवतं का?"

तिने सावळारामच्या फोटोमागून घडी घातलेल्या नोटा काढल्या. "मीटर बदलंपातूर कोंडिबानं भरलं. फुडचं दोन म्हैन्याचं काढून ठिवलंय. बिलच आलं न्हाई. मीटर बदलणारी प्वारं आली तवा म्हनली, आता कागुद यायचा न्हाई, मोबाईलवं यील. म्हनलं, माझ्याकडं कुठं मोबाईल? तर म्हनली, यील बरूबर." मग तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तिचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. "पैशाचं न्हाई रं! तोडायची तर तोडा. पर येक दिस आदी सांगायला काय जात व्हतं? घरात तीन खुडूक कोंबड्या व्हत्या. त्यांच्या खाली घातली असती, बाकीची वाडीत वाटली असती. जगली असती की! माझ्या दारात यिऊन येक सबुद कुनी का सांगितला न्हाई, येवढंच मला इचारायचंय. म्या जानार भोरला."

"तुमी येकट्या न्हाई जायचं," मी म्हणालो. "म्या हाय."

खरं सांगतो, मला त्या क्षणी बरं वाटलं. चार महिने माझा राग मोकाट हिंडत होता, त्याला बांधायला खुंटा मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पो ठरवला. वाडीतले अकरा जण निघाले. कुणाचा मीटर पळत होता, कुणाकडे कुलूप लावलेलं असताना परस्पर मीटर बदलला होता, कुणाला नुसतंच ओरडायचं होतं. बाळाबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, मांडीवर बुट्टी, बुट्टीत भाताच्या तुसावर मांडलेली सत्तेचाळीस अंडी, वर तिच्या जुन्या लुगड्याचं धुवट धडपं. खड्डा आला की दोन्ही हात बुट्टीवर. मेलेली होती, तरी.

रस्ताभर मी बोलत होतो. "तुमच्या परवानगीबिगर मीटर बसवला. बिल बंद केलं. माणसं काढून टाकली. आन् आता घरात बसून लाईट तोडत्यात! चोर सोडून संन्याशाला फाशी! आज त्यांना विचारायचं, नोटीस कुणाला दिली? कागद दाखवा. सही दाखवा. अंगठा दाखवा." टेम्पोत सगळे "बरुबर, बरुबर" करत होते. कोंडिबा एकदाच म्हणाला, "धनाजी, आदी नीट इचारू, मग भांडू." मी म्हणालो, "नीट इचारायचे दिवस गेले."

भोरला वीज ऑफिसात आम्ही घुसलो तेव्हा टेबलापलीकडे नूतन मॅडम होत्या. नवीन इंजिनियर, तिशीच्या आतल्या. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं. त्यांनी बाळाबाईला बघितलं आणि आधी खुर्ची दिली. हे मला आवडलं नाही. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याचा चांगुलपणा नको असतो.

बाळाबाईने बुट्टी टेबलावर ठेवली आणि धडपं काढलं.

"आज येकविसावा दिस," ती म्हणाली. "आज निघनार व्हती."

मॅडमनी अंड्यांकडे बघितलं. मग त्यांनी ग्राहक क्रमांक विचारला, तो मी पाठ सांगितला, आणि त्या संगणकात बघायला लागल्या.

"सावळाराम गेनू यांच्या नावावर आहे. दोन बिलं थकली आहेत. तोडण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते, ती दिलेली दिसतेय. एकवीस जुलैला."

"कुणाला दिली?" मी टेबलावर हात आपटला. बुट्टी हलली तशी बाळाबाईने ती धरली. "ह्या बाईला? तिला वाचता येत नाही. तिच्याकडे फोन नाही. नोटीस काय कोंबडीला दिली?"

"नोंदणीकृत मोबाईल नंबरवर गेली आहे. मेसेज पोचल्याची खूण आहे इथे. नंतर दोनदा आठवणही गेली आहे."

"कसला नोंदणीकृत? फोनच नाही तर नंबर कुठून आला? कुणीतरी टेबलावर बसून खोटा नंबर टाकला असणार! तुमच्यातलाच कुणीतरी! म्हाताऱ्या माणसाच्या नावावर भलत्याचाच नंबर टाकायचा आणि वर म्हणायचं, नोटीस पोचली! अहो, त्या नंबरवाल्या हरामखोराला तरी लाज वाटली का? तीन मेसेज आले, एकदा तरी येऊन सांगावं म्हातारीला? त्याला आणून उभा करा इथं!"

"उबा करा!" मागून दोघंतिघं ओरडले.

मॅडमही आता तापल्या होत्या. "काका, ओरडू नका. नंबर बंद असता तर मेसेज पोचला नसता. तो चालू आहे."

"मग लावा की फोन! आत्ता लावा, आमच्यासमोर! बघू कोण उचलतोय ते!"

"लावते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा फोन पुढे ओढला आणि पडद्याकडे बघत एकेक आकडा दाबला. सगळे त्या फोनकडे बघत होते.

माझ्या शर्टाच्या खिशात मोबाईल वाजायला लागला.

पहिल्यांदा मला त्याचा रागच आला. ह्या वेळी कोण कडमडलं, म्हणून मी खिशात हात घातला. बाहेर काढला तर पडद्यावर भोरचा लँडलाईन नंबर होता. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी कानाला लावलेला फोन हळूच खाली घेतला. टेबलावर ठेवला नाही, नुसता हातात धरला. माझा वाजतच राहिला.

बाळाबाईला काही कळलं नव्हतं. ती मागे वळून म्हणाली, "उचल की, धनाजी. कुनाचं तरी महत्त्वाचं काम असंल."

सहा वर्षांपूर्वीची ती दुपार मला दिसली. तिच्याच ओट्यावर बसून, तिचाच चहा पीत, मी दहा आकडे टाकले होते. तिने विचारलंही होतं, "काय ल्हितोस रं?" मी म्हणालो होतो, "काय न्हाई मावशी, कामाचं हाय."

फोन वाजून बंद झाला. कोंडिबाला कळलं होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीकडे बघत होता. अजूनही वेळ होती. मी म्हणू शकलो असतो की पोराचा फोन आहे, दुकानातनं फोन आहे, आणि मॅडम कदाचित काही बोलल्याही नसत्या. आणखी ओरडता आलं असतं. ओरडणं मला येतंच.

"मावशी," मी म्हणालो, "ह्यो माझाच नंबर हाय."

"कसला?"

"तुमच्या मीटरचा. तवा म्याच टाकला व्हता. नोटीस माझ्याकडं आली. काम गेलं त्या रागात म्या कंपनीचं सगळं बंद करून टाकलं. बघितलंच न्हाई."

ब्लॉक केलेले मेसेज कुठं जातात ते मला माहीत होतं. उघडले. एकाखाली एक, प्रिय ग्राहक, प्रिय ग्राहक, बोटाने किती सरकवले तरी संपेनात. त्यात सावळाराम गेनू तीन वेळा होता. तो 'प्रिय' आता माझ्याच हातात होता. मी तिला पहिल्याची तारीख वाचून दाखवली. एकवीस जुलै.

बाळाबाईने बोटांच्या पेरांवर मोजलं. सतरा, अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. ओठ हलत होते.

"मंजी चारच रेघा व्हत्या," ती म्हणाली. "तवा तिन्ही कोंबड्या खुडूक व्हत्या."

मॅडम मधे पडल्या. म्हणाल्या, चूक आमचीही आहे, नंबर कुणाचा आहे हे कधी तपासलं गेलं नाही, दारात माणूस जायला हवा होता, लाईट आजच्या आज जोडून देते, तसा अर्ज लिहून द्या. सगळं खरं होतं. कालपासून मी जे जे ओरडत होतो तेही खोटं नव्हतं. माणसं काढली नसती तर मी त्या फेरीला गेलो असतो आणि तोंडानं सांगितलं असतं. पण बाळाबाईचा प्रश्न एकच होता, आणि तो तिने वाडीतून भोरपर्यंत मांडीवर घेऊन आणला होता. दारात येऊन एक शब्द कुणी का सांगितला नाही? त्याचं उत्तर ह्या ऑफिसात नव्हतं. ते माझ्या उशाशी टुंग टुंग करायला आलं होतं, आणि मी त्याचं तोंड आधीच दाबलं होतं.

मग एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "धनाजी, माझा बी नंबर तूच टाकला व्हतास नव्हं?" मी मान हलवली. मग दुसऱ्याने तेच विचारलं. मग तिसऱ्याने. एकानेही शिवी दिली नाही. दिली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

बाळाबाई उठली. तिने फोटोमागच्या त्या नोटा मॅडमच्या हातात दिल्या, पावती मागून घेतली आणि पदरात बांधली. मग टेबलावरची बुट्टी उचलली. धडपं नीट चारी बाजूंनी खोचलं. मला वाटलं, ती तशीच बाहेर पडेल. पण ती माझ्यापुढे येऊन थांबली. मी फोन खिशात टाकला आणि तिच्या पाया पडायला वाकलो, तर तिने माझ्या दोन्ही हातांत ती बुट्टी ठेवली.

"धर," ती म्हणाली. "येकवीस दिस म्या संबाळली. आता तू पूर."

ती एसटी डेपोकडे चालायला लागली. टेम्पोकडे तिने बघितलंही नाही. मी बुट्टी घेऊन ऑफिसच्या पायरीवर उभा होतो, आणि कोंडिबा माझ्या खिशातला मोबाईल काढून बाकीच्यांना विचारत होता की लाईट तोडायची पुढची तारीख कुणाची आहे ते कुणाला वाचता येतं का.